मारेकऱ्याचा संकोच

येळ्ळूर हे बेळगावच्या दक्षिणेकडील एक मोठे मराठी गाव. गावावर राजहंसगडाची नजर, सभोवार भाताची शेते, आणि गावात तालमीची जितकी आवड तितकीच वाचनाची. या गावी अध्यापन करणारे आमचे एक स्नेही काही दिवसांपूर्वी आमच्याकडे आले आणि त्यांनी पिशवीतून एक फाटके पुस्तक काढून आमच्यापुढे ठेवले. पुस्तकाला वेष्टन नव्हते, आरंभीची पाने नव्हती, आणि अखेरचीही नव्हती. त्यामुळे पुस्तकाचे नाव काय, लेखक कोण, ते कोठे छापले गेले, हे कळण्यास मार्ग नव्हता. नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी व्याकरणाच्या तासाला ते मांडीवर उघडून वाचीत असता सापडला होता.

कथा थोडक्यात अशी. कर्जात बुडालेल्या एका तरुणाला कोणी धनिक एका माणसाचा जीव घेण्याची सुपारी देतो. तरुण त्या माणसाच्या वाड्यात भाडेकरू म्हणून राहावयास येतो. त्या माणसाची एक बहीण आहे. तिच्याशी त्याची ओळख होते, ओळखीचा स्नेह होतो, आणि स्नेहाचे पुढे काय झाले हे वाचकांस सांगावयास नको. तीन वेळा संधी येते आणि तीनही वेळा तो ती दवडतो. चौथ्या वेळी, दिलेल्या मुदतीच्या शेवटच्या रात्री, तो पिस्तूल घेऊन सज्जात उभा आहे, खालून ती दिवा घेऊन जिना चढत आहे, आणि येथे पुस्तक फाटले आहे.

पुस्तक काढून घेतले तेव्हा तो मुलगा घाबरला नाही, रडला नाही. तो एवढेच म्हणाला, “पुस्तक ठेवून घ्या, गुरुजी, पण त्यो मारतोय की सोडतोय, तेवढं सांगा की!” आमच्या स्नेह्यांनी त्यास दटावून खाली बसविले, परंतु रात्री दिवा लावून त्यांनी स्वतः ते पुस्तक वाचून काढले, आणि फाटलेल्या पानाशी तेही त्या मुलासारखेच अडले. त्यांनी आम्हांस दोन प्रश्न केले. असल्या लेखनाला वाङ्मयात काही स्थान आहे काय? आणि त्या मुलाला उत्तर काय द्यावे? दोन्ही प्रश्न आम्हांस वाटले त्याहून कठीण निघाले. त्यांचा विचार करता करता जे सुचले ते येथे मांडीत आहो.

प्रथम या कथाप्रकाराचे स्वरूप पाहू. ज्यास आपण सरसकट ‘रहस्यकथा’ म्हणतो तिच्यात दोन अगदी भिन्न जाती आहेत. पहिल्या जातीत प्रेत पहिल्याच प्रकरणात सापडते आणि प्रश्न असतो, ‘हे कोणी केले?’ कृत्य घडून गेलेले असते. चतुर शोधक मागच्या पाऊलखुणा पाहत जातो आणि वाचक त्याच्यामागून चालतो. दुसऱ्या जातीत मारेकरी कोण, हे वाचकास आरंभापासून ठाऊक असते. कोणाला मारावयाचे तेही ठाऊक असते. प्रश्न एवढाच उरतो, ‘हा हे करील काय?’ कृत्य पुढे, भविष्यकाळात आहे. ते घडेल किंवा घडणारही नाही. पहिल्या जातीतील रहस्य वस्तूंत दडलेले असते: रक्ताचा डाग, खोटी सही, मागच्या दाराची किल्ली. दुसऱ्या जातीतील रहस्य माणसाच्या मनात असते, आणि ते त्या माणसालाही उलगडलेले नसते. म्हणून पहिल्या जातीचे पुस्तक उत्तर कळताच बहुधा संपते. दुसऱ्या जातीचे चांगले पुस्तक उत्तर ठाऊक असूनही पुन्हा वाचता येते.

आता या दुसऱ्या जातीत प्रणय का येतो? केवळ तरुण वाचकांस गोडी लागावी म्हणून येतो, असे पुष्कळांचे मत आहे. आम्हांस ते पुरते पटत नाही. ठरवून केलेल्या वधाला एक विशिष्ट अंतर लागते. ज्याला मारावयाचे तो माणूस मारेकऱ्याच्या लेखी एक नाव, एक घर, जाण्यायेण्याची एक वेळ एवढाच असावा लागतो. परंतु वध साधावयाचा तर मारेकऱ्याला त्याच्या जवळ जावे लागते. त्याच्या सवयी, त्याची माणसे, त्याच्या घराची दारे जाणून घ्यावी लागतात. आणि जवळ गेले की तो केवळ नाव राहत नाही. त्याला खोकला आहे हे कळते, तो नोकराशी कसा बोलतो हे कळते, त्याची बहीण त्याची वाट पाहत जागी राहते हे कळते. जी जवळीक वधाला आवश्यक, तीच वधाला बाधक होते. या कथाप्रकाराचे सारे यंत्र या एका विरोधावर चालते, आणि प्रणय हे त्या जवळिकीचे सर्वांत तीव्र रूप आहे. त्यात आज्ञा देणाऱ्याची मुदत घातली, आणि आज्ञा न पाळणारा स्वतःच सावज होतो ही भीती घातली, म्हणजे कथेचा सांगाडा पुरा झाला.

हा सांगाडा परदेशी आहे, इंग्रजी कादंबऱ्यांवरून आपल्याकडे आला, असे कोणी म्हणेल तर त्याने आपली जुनी कथानके पुन्हा पाहावीत. आमच्या या प्रांताचे प्राचीन नाव कुंतल. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक यांचा विस्तृत भाग त्या नावाने ओळखला जात असे. कुंतलनगरीच्या नावाशी निगडित असलेली चंद्रहासाची कथा आपल्या आजीपणजींना तोंडपाठ होती. श्रीधराच्या ‘जैमिनी अश्वमेधा’मुळे ती मराठी घरांत पोचली, आणि लक्ष्मीशाच्या ‘जैमिनी भारता’मुळे कानडी घरांत. सीमेच्या दोन्ही अंगांना सारख्याच आवडीने ऐकली गेलेली ही कथा आहे. दुष्टबुद्धी प्रधान पोरक्या चंद्रहासाला मारण्यासाठी मारेकरी पाठवितो. ते त्याला रानात नेतात. पण मुलाचा चेहरा आणि त्याची भक्ती पाहून त्यांचा हात उचलत नाही. त्याच्या पायाला असलेले सहावे बोट तेवढे कापून ते खूण म्हणून नेऊन दाखवितात. तोच मुलगा मोठा झाल्यावर प्रधान त्याच्याच हाती पत्र देतो: हे पत्र आणणारास विष द्यावे. प्रधानाची कन्या विषया त्याला उद्यानात निजलेला पाहते, पत्र वाचते, आणि डोळ्यांतील काजळाने एक अक्षर वाढविते. ‘विष’चे ‘विषया’ होते, आणि मृत्यूच्या जागी विवाह होतो.

प्रणय, पत्र, कट, मुदत, थबकलेला हात, सारे येथे आहे. पण कथेचा तिसरा टप्पा सहसा विसरला जातो, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. दुष्टबुद्धी अखेर चंडिकेच्या देवळात मारेकरी बसवितो आणि चंद्रहासाला तेथे पूजेस जावयास सांगतो. चंद्रहासाच्या ऐवजी दुष्टबुद्धीचा स्वतःचा मुलगा मदन तेथे जातो, आणि मारेकरी त्याला ठार करतात. पहिले मारेकरी थांबले, त्यांनी मुलाचे तोंड पाहिले, म्हणून एक निष्पाप जीव वाचला. दुसरे थांबले नाहीत, त्यांनी तोंड पाहिले नाही, म्हणून आज्ञा देणाऱ्याचाच वंश बुडावयाची वेळ आली. पुढे देवीच्या कृपेने मदन पुन्हा उठतो ही गोष्ट वेगळी. एकाच कथेत संकोच करणारा हात आणि संकोच न करणारा हात असे समोरासमोर ठेवणारा कथाकार अडाणी नव्हता, एवढे आम्हांस म्हणावयाचे आहे.

दुसरे उदाहरण ‘मृच्छकटिका’चे. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावी शिक्षक होते, आणि त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल बेळगावीच शिकले. शूद्रकाचे हे प्रकरण संगीत रंगभूमीवर आणून मराठी प्रेक्षकांच्या घरचे केले ते याच देवलांनी. आपण त्यातील चारुदत्त आणि वसंतसेना लक्षात ठेवतो. परंतु आठव्या अंकात शकार वसंतसेनेला मारावयास सांगतो तेव्हा काय होते ते पाहा. प्रथम तो विटाला सांगतो. विट नकार देतो: ही तरुण, निरपराध स्त्री, हिला मारले तर परलोकाची नदी कोणत्या नावेने तरावी? मग शकार स्थावरक या चेटाला सोन्याचे लालूच दाखवितो, मारहाण करतो. चेट दास आहे. मालकाच्या शब्दाबाहेर जाण्याचा त्याला अधिकार नाही. तरीही तो म्हणतो की माझ्या देहावर तुमची सत्ता आहे, माझ्या शीलावर नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की यांपैकी कोणाचाही नकार प्रेमातून आलेला नाही. दहाव्या अंकात चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेणारे चांडाळ तर आपली पाळी की तुझी यावर वाद घालीत वेळ काढतात. त्यांतील एकाच्या बापाने मरताना त्याला सांगून ठेवले आहे की वध्य माणसाला घाईने मारू नये; कोण जाणे, तेवढ्यात कोणी भला माणूस द्रव्य भरून त्याला सोडवील, राजाला पुत्र होईल, हत्ती सुटेल, किंवा राज्यच पालटेल. शेवटी उगारलेली तलवार हातातून गळून पडते. वधाची ही दिरंगाई हास्यकारकही आहे आणि करुणही, आणि तिच्यामुळेच वसंतसेनेला वेळेवर पोचता येते.

याच्या अगदी उलट प्रसंग आपल्या इतिहासात आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यास मारले. ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ केला गेला ही आख्यायिका लोकप्रसिद्ध आहे. इतिहासकार तिला निर्विवाद पुरावा मानीत नाहीत. परंतु लोकांच्या मनाने ती धरून ठेवली यात एक अर्थ आहे. विषयेने एक अक्षर वाढवून प्राण वाचविला, येथे एक अक्षर पालटून प्राण घेतला. अक्षर पालटणारा कोणीही असो, कागद हाती घेणारा माणूस थांबला असता तर? नारायणराव चुलत्याच्या कमरेला मिठी मारून जीव वाचवा म्हणून आकांत करीत होता असे सांगतात. ते पाहून एकाही हाताला कंप सुटला नाही, हीच त्या प्रसंगाची भीषणता. संकोच करणारा मारेकरी कथेत का लागतो, याचे उत्तर बखरीतील या न थांबलेल्या हातांपाशी मिळते.

आता कादंबरीकडे येऊ. येळ्ळूरहून खानापूरच्या रानाकडे गेले की जांबोटी लागते. ‘विविधज्ञानविस्तारा’चे संस्थापक रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांचा जन्म १८४३ साली या गावी झाला. त्यांची ‘मोचनगड’ ही कादंबरी १८७१ सालची. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ती मानली जाते. शिवकाल, किल्ला, बंदिवास आणि ताटातूट झालेल्यांची प्रीती यांचा मेळ तिच्यात आहे. गड रोज ज्यांच्या डोळ्यांसमोर उभा असतो त्या आमच्या भागाला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. तथापि मारेकऱ्याच्या अंतःकरणात शिरण्याचे काम गुंजीकरांच्या कादंबरीचे नव्हते. ते नाटकाने आधी केले. १९२९ साली बेळगावी भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष शिवराम महादेव परांजपे यांनी शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’चे ‘मानाजीराव’ हे रूपांतर पूर्वीच केले होते. पुढे कुसुमाग्रजांनी त्याच नाटकावरून ‘राजमुकुट’ लिहिले. राजा पाहुणा आहे, नातलग आहे, उपकारकर्ता आहे, निजलेला आहे; आणि कट्यार हाती घेतलेला माणूस दाराशी अडखळतो. मूळ नाटकाचा हा गाभा मराठी वाचकास या वाटेने परिचित झाला. परंतु तेथे पत्नी पतीला पुढे ढकलते. मारावयाचा तोच माणूस जर प्रेमाचा असेल तर काय, हा प्रश्न मराठी कादंबरीत पूर्ण ताकदीने मांडला तो हरिभाऊ आपट्यांनी.

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची ‘चंद्रगुप्त’ ही कादंबरी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘करमणूक’ पत्रातून आली. शाळांतून ती चंद्रगुप्त आणि चाणक्य यांची शौर्यकथा म्हणून सांगितली जाते, आणि त्यामुळे तिचे खरे मर्म झाकले जाते. ‘मुद्राराक्षस’ नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा नंदांचा नाश होऊन गेलेला असतो. तो नाश कसा झाला, हे हरिभाऊंनी कल्पिले. आणि त्या साऱ्या कटाच्या मध्यभागी त्यांनी एक स्त्री ठेवली, मुरादेवी. राजा धनानंदाची ही पत्नी. हीन कुळाची ठरवून तिचा अधिकार हिरावला गेला, तिच्या तान्ह्या मुलाच्या वधाची आज्ञा झाली, आणि तिने वर्षानुवर्षे बंदिवास भोगला. बाहेर येताच ती सूड घेण्याची प्रतिज्ञा करते. चाणक्याला हवे असलेले हत्यार आयतेच सापडते. मुरा राजाला पुन्हा आपल्याकडे ओढते, आपल्या मंदिरात ठेवून घेते, आणि बाहेर चाणक्य आपले जाळे विणीत राहतो.

येथवर ही सूडकथा आहे. परंतु आपण मघाशी पाहिलेला विरोध येथे आपले काम करू लागतो. राजाला मारावयाचे तर त्याला जवळ ठेवणे भाग. जवळ ठेवावयाचे तर प्रीतीचे सोंग आणणे भाग. आणि सोंग आणता आणता मुरेला कळत नाही की यातले सोंग किती आणि खरे किती. ज्याने आपल्या मुलाला मारविले असे तिला वाटते तोच पुरुष आता तिच्यावर विश्वास टाकून निजतो. तिने एकदा त्याच्यावर खरेच प्रेम केले होते, आणि ते मेले नव्हते. कृत्याची घडी जवळ येते तशी ती मागे सरू लागते. पण कट आता तिचा राहिलेला नाही. तिने सुरू केलेले यंत्र चाणक्याच्या हाती आहे, आणि त्याला थांबविणे तिला शक्य नाही. सांगावे तर आपल्याच माणसांचा घात, न सांगावे तर पतीचा. राजाला सावध करावे असे तिला वाटते, आणि राजा तर तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवून चाललेला आहे. या प्रकरणांचा शेवट आम्ही येथे सांगत नाही. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांचा आनंद हिरावण्याचा आम्हांस अधिकार नाही. आणि ज्यांनी वाचली आहे त्यांना तो विसरता येणार नाही.

एक तुलना मात्र करावयास हवी. ‘मुद्राराक्षसा’त राक्षसाने चंद्रगुप्तावर घातलेले मारेकरी आहेत: तोरणाखाली सापळा लावणारा दारुवर्मा, विषाचे औषध देणारा वैद्य. एकही डगमगत नाही, आणि प्रत्येकाचा बेत फसतो. विराधगुप्त येऊन त्यांची वार्ता राक्षसाला सांगतो आणि आपण पुढे जातो. त्यांची नावे परीक्षेपुरती लक्षात राहतात. मुरेचे तसे नाही, कारण तिच्यापुढे ‘करू की नको’ हा प्रश्न उभा राहिला, आणि तो उभा करून हरिभाऊंनी राजकारणाच्या कथेला माणसांची कथा केले.

हा प्रश्न केवळ कल्पित नाही. १९०५ सालच्या फेब्रुवारीत मॉस्को शहरी कालियायेव नावाचा एक तरुण क्रांतिकारक एका मोठ्या सरदाराच्या गाडीवर बाँब टाकण्यास उभा होता. हा सरदार झार घराण्यातील होता. गाडी आली, आणि तिच्यात सरदाराबरोबर त्याची पत्नी व दोन मुले दिसली. कालियायेवने उचललेला हात खाली घेतला. दोनच दिवसांनी सरदार एकटा असता त्याने बाँब टाकला, तो पकडला गेला आणि त्याच वर्षी फासावर गेला. आल्बेर काम्यू यांनी १९४९ साली या घटनेवर नाटक रचले आणि त्यात त्याच्या प्रीतीचाही धागा घातला. कालियायेवचे कृत्य क्षम्य की अक्षम्य, हा वाद येथे नको. एवढेच पाहावयाचे की जो मनुष्य वधास सिद्ध होता तोही एका विशिष्ट ठिकाणी थांबला, आणि का थांबला हे त्याला सांगता येत होते. नाटककाराला जे सामग्री म्हणून उपयोगी पडले ते बाँबचा स्फोट नसून तो खाली घेतलेला हात होय.

आता फाटक्या पुस्तकाच्या कुळाकडे वळू. नाथमाधव आणि गो. ना. दातार यांनी अद्भुताची गोडी लावली. बाबूराव अर्नाळकरांनी ‘झुंजार’, ‘काळा पहाड’ अशा नायकांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून मराठी वाचकांच्या पिढ्या जागविल्या. पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर आदींनी तो प्रवाह चालविला. या ग्रंथसंभाराकडे विद्वानांनी फारसे पाहिले नाही. त्यांत पुष्कळ टाकाऊ आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु टाकाऊ काय हे ओळखण्यासाठीही कसोटी हवी, आणि संकोच करणाऱ्या मारेकऱ्याच्या कथेला लावावयाच्या तीन कसोट्या वरील उदाहरणांवरून काढता येतात.

पहिली: नायकाला संकोच नेमका कशाचा वाटतो? सुंदर मुख दिसले म्हणून हात थांबला असेल, आणि कुरूप म्हातारा समोर असता तर थांबला नसता, तर तो संकोच नव्हे, मोह होय. शकाराचा विट आणि चेट प्रेमात पडलेले नाहीत. तरीही ते नाही म्हणतात. प्रणयाने मारेकऱ्याचे डोळे उघडले पाहिजेत. ते केवळ एका व्यक्तीपुरते उघडून इतरांपुरते मिटलेले राहिले तर कथा लबाड होते. दुसरी: निर्णय कोणाचा? पुष्कळ लेखक ऐन वेळी पळवाट काढतात. सावज स्वतःच अट्टल दुष्ट निघते, किंवा तिसऱ्याच्याच गोळीने मरते, आणि नायकाचे हात व मन दोन्ही कोरी राहतात. वाचकाला दोनशे पाने ताटकळत ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर असे उडवून देणे हा विश्वासघात आहे. हरिभाऊंनी मुरेला अशी पळवाट दिली नाही. तिसरी: न केलेल्या कृत्याचे पुढे काय? मारले नाही म्हणून सारे गोड होत नाही. मी तुझ्या भावाला मारावयास आलो होतो, हे वाक्य कधीतरी उच्चारावे लागते. आणि ते ऐकणाऱ्या स्त्रीला काय वाटते हे लेखकाने दाखविले नाही, तर त्याने प्रणयकथाही लिहिली नाही आणि रहस्यकथाही नाही.

या कसोट्यांवर येळ्ळूरच्या त्या पुस्तकाचे मूल्य किती ठरले असते, हे शेवट नसल्यामुळे सांगता येत नाही. पण शिक्षकाचा प्रश्न उरतोच: हे मुलाच्या हाती असू द्यावे काय?

येथे स्थळाचा विचार करणे भाग आहे. पुण्याच्या किंवा मुंबईच्या मुलाला मराठी अक्षर दुकानाच्या पाटीवर, कचेरीच्या कागदावर, मोटारीच्या फलकावर सहज भेटते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आमच्या या भागात तसे राहिले नाही. येथे मराठी घरात आहे, शाळेत आहे, भजनात आहे, आणि येळ्ळूर, कडोली, उचगाव, सांबरा यांसारख्या गावांनी आपल्या खर्चाने व श्रमाने भरविलेल्या साहित्यसंमेलनांत आहे. राजव्यवहारात ती नाही. अशा ठिकाणी एखादा मुलगा शिक्षेचे भय न बाळगता मराठी पुस्तक वाचतो, तेव्हा त्याच्या हातातील पुस्तक हिसकावून घेणे हे आम्हांस धोक्याचे वाटते. ज्याला ‘मारतोय की सोडतोय’ याची तळमळ लागली आहे त्याला वाचन म्हणजे काय हे समजले आहे. त्याला फक्त पुढचा शब्द शिकवावयाचा आहे: ‘का?’ मारले तर का, सोडले तर का? या एका शब्दाने फाटक्या पुस्तकापासून ‘चंद्रगुप्ता’पर्यंत, आणि तेथून ‘मृच्छकटिका’पर्यंत वाट निघते. ती वाट उलट दिशेने चालावयास लावली, म्हणजे प्रथम ‘मृच्छकटिक’ आणि तेही परीक्षेच्या प्रश्नांसह, तर मुले पहिल्याच वळणावर बसून राहतात, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे.

आम्ही आमच्या स्नेह्यांना सुचविले की मुलाला उत्तर देऊ नये. ते आपणांस ठाऊकही नाही. त्यालाच म्हणावे की हरवलेली पाने तू लिही.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. मुलाने वहीची साडेचार पाने लिहिली होती. भाषा अर्धी पुस्तकी, अर्धी येळ्ळूरची. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका विपुल. त्याच्या कथेत नायक पिस्तूल परसातल्या विहिरीत टाकतो आणि तिथेच जिन्यावर त्या मुलीला सारे सांगून टाकतो. ती किंचाळत नाही, गळ्यातही पडत नाही. ती दिवा खाली ठेवते, भावाच्या खोलीला बाहेरून कडी घालते, आणि दाराशी बसून सकाळ होईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहते. ‘मग?’ असे स्नेह्यांनी विचारले तेव्हा मुलगा म्हणाला की, “तिला अजून खरं वाटंना झालंय, गुरुजी. मी तरी कसं पुढं लिहू?”

आमची तिसरी कसोटी त्याने कोठेही वाचलेली नव्हती.

स्नेह्यांनी शुद्धलेखन तेवढे तपासले, मजकुराला हात लावला नाही. पाने पुन्हा स्वच्छ लिहून घेतली, फाटक्या पुस्तकाच्या शेवटी दोऱ्याने शिवली, वरून खाकी कागदाचे वेष्टन घातले आणि पुस्तक वर्गाच्या कपाटात ठेवले. वेष्टनावर नाव घालावयाचे राहिले आहे, कारण मूळ नाव कोणासही माहीत नाही. ते पुस्तक सध्या वर्गातील मुले पाळीपाळीने घरी नेत आहेत, आणि ‘चंद्रगुप्त’ आणून द्या अशी मागणी त्यांपैकी दोघांनी केली आहे.